चौघांची एक फेरी: सुवर्ण चतुष्कोन सायकल रिलेचा अनुभव

दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा सुवर्ण चतुष्कोन ५,८४६ किलोमीटरचा आहे. मार्च २०२५ मध्ये आम्ही चौघांनी तो सायकलवर रिले पद्धतीने पूर्ण केला. म्हणजे रात्र असो वा दिवस, चौघांपैकी कोणीतरी एक जण सतत रस्त्यावर. अकरा दिवसांच्या आत परत पोचलो असतो तर आमच्या गटात विक्रमाची नोंद झाली असती. आम्हाला साधारण नऊ तास उशीर झाला, त्यामुळे नोंद झाली नाही. तरीही लिहिते आहे, कारण तयारी करताना आम्हाला सायकल चालवण्याबद्दल भरपूर वाचायला मिळालं, पण अर्ज, पत्रं, साक्षीदार, गाड्यांची परमिटं, नोंदवही यांबद्दल कोणी सविस्तर लिहिलेलं सापडलं नाही. आणि दिवस खरे तिथेच खर्च होतात.

चौघे म्हणजे मी, नाशिकच्या डॉक्टर ताई, निवृत्त शिक्षक असलेले साताऱ्याचे काका आणि इंजिनिअरिंगला असलेला आमच्यातला धाकटा. ओळख बीआरएमच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड्समधली. चौघांनीही एका मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर पूर्ण करून सुपर रँडोनियर किताब मिळवलेला होता, म्हणजे रात्रभर सायकल चालवण्याची सवय होती. कल्पना डॉक्टर ताईंची. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत दोघांच्या संघात ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली, तेव्हापासून रिलेचं वेड ताईंच्या डोक्यात होतं. चतुष्कोन एकट्याने करणं किती कठीण आहे तेही समोर होतं. लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी २०२० मध्ये ५,९४२ किलोमीटरची ही फेरी एकट्याने १४ दिवस २३ तास ५२ मिनिटांत मारली. आपण चौघे मिळून काय करू शकतो, हा प्रश्न तिथून सुटेना.

विक्रमाची नोंद करणाऱ्या संस्थेकडे अर्ज जून २०२४ मध्ये भरला. उत्तर सप्टेंबरात आलं. मधल्या काळात संस्थेला दोनदा स्मरणपत्र पाठवलं, त्याचा काही उपयोग होत नाही, रांगेतला नंबर येतो तेव्हाच येतो. म्हणून ठरलेल्या तारखेच्या निदान आठ महिने आधी अर्ज करा. स्त्री-पुरुष मिश्र, चौघांचा संघ या गटात आधीची नोंद नव्हती. अशा वेळी पहिला येईल तो विक्रमवीर असं होत नाही. संस्था स्वतः एक किमान मर्यादा घालून देते. आम्हाला ती अकरा दिवसांची मिळाली. सोबत नियमावली आली. ती काकांनी प्रिंट काढून शाळेच्या पुस्तकासारखी अधोरेखित केली, आणि पुढचे सगळे निर्णय त्या कागदांवर झाले.

त्यातले महत्त्वाचे नियम सांगते. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. रेल्वे फाटक, अपघात, वाहतूक कोंडी, झोप, जेवण सगळं त्यात धरलेलं. मार्गाचा नकाशा आधी मंजूर करून घ्यायचा. सायकलस्वाराला गाडीतून पुढे नेता येत नाही, काही कारणाने रस्ता सोडावा लागला तर जिथे सोडला तिथेच परत येऊन सुरुवात. संध्याकाळी सात ते सकाळी सात सायकलच्या मागे गाडी हवीच. आणि बदली होताना येणाऱ्या सायकलचं पुढचं चाक जाणाऱ्या सायकलच्या मागच्या चाकापर्यंत पोचलं पाहिजे, तरच ती बदली ग्राह्य. रात्री दोघांनीही थांबून बदली करायची. आमच्यात या बदलीला पहिल्या दिवसापासून 'खो' हाच शब्द पडला.

तारीख ठरवण्यात आमचे दोन महिने गेले. फेरी इतकी मोठी आहे की सगळीकडे चांगली हवा असा मोसमच नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नई-नेल्लोर पट्ट्यात परतीचा पाऊस, आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळाची भीती. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात धुकं, तेही असं की मागच्या गाडीला पुढची सायकल दिसत नाही. एप्रिलपासून ऊन. उरला फेब्रुवारी, पण २०२५ ला प्रयागराजला कुंभमेळा होता, १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी, आणि आमचा रस्ता बरोबर प्रयागराजच्या वळणरस्त्यावरून जाणारा. दुसऱ्या बाजूला १४ मार्चला धुळवड. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये त्या दिवशी महामार्गावर सायकल चालवायची आमची तयारी नव्हती. महाशिवरात्रीचं शेवटचं स्नान आणि होळी यांच्यामधल्या फटीत आम्ही १ मार्च ही तारीख बसवली. तुम्ही आखणी कराल तेव्हा हवामानाआधी पंचांग उघडा.

आता कागद. मार्ग बारा राज्यं आणि दिल्ली यांतून जातो. प्रत्येक राज्याच्या पोलीस मुख्यालयाला आणि महामार्ग पोलिसांना पत्र पाठवलं. परवानगी द्या असं लिहायचं नाही, कारण सायकल चालवायला परवानगी लागत नाही आणि मागितली की ते पत्र टेबलाटेबलावर फिरत राहतं. 'माहितीसाठी सादर' असं लिहायचं, सोबत मार्ग, अंदाजे वेळा, गाड्यांचे नंबर, संपर्काचे दोन फोन. बहुतेक ठिकाणांहून उत्तर आलं नाही. पण पोच घेतलेली प्रत गाडीत असली की रात्री अडवणाऱ्या हवालदाराशी बोलणं पाच मिनिटांत आटोपतं. मागच्या गाडीवर लाल-निळा दिवा लावायची कोणालाही मुभा नाही. आम्ही मागच्या काचेवर परावर्तक पट्ट्या, हिंदी-इंग्रजीत 'पुढे सायकलस्वार' असा फलक आणि गाडीचे इंडिकेटर एवढ्यावरच भागवलं. महामार्ग प्राधिकरणाचा १०३३ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आणि डॅशबोर्डवर चिकटवून ठेवला.

द्रुतगती मार्गांवर सायकलला बंदी असते, हे नकाशा आखतानाच लक्षात घ्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बाद, म्हणून खोपोलीवरून शिंग्रोबाचा जुना घाट. अहमदाबाद-वडोदरा द्रुतगती मार्ग बाद, म्हणून नडियाद-आणंदवरून जुना रस्ता. शहरांतले उड्डाणपूलही तपासावे लागतात. धाकट्याने जवळपास सगळा रस्ता गुगलच्या रस्ताचित्रांतून डोळ्यांखाली घातला आणि फलकांचे फोटो जमवले.

गाड्या तीन. दोन मित्रमंडळींच्या खाजगी एसयूव्ही आणि एक भाड्याचा टेम्पो ट्रॅव्हलर. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि ऑल इंडिया टुरिस्ट परमिट लागतं, मूळ कागद चालकाकडे हवा. दिल्ली परिसरात तेव्हा दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल गाडी चालत नव्हती, त्यामुळे मदतीला आलेली एक चांगली गाडी आम्हाला नाकारावी लागली. विम्याच्या पॉलिसीत 'शर्यत व साहसी खेळ' वगळलेले असतात. आम्ही चौघांनी त्यासाठी वेगळं संरक्षण घेतलं, आणि आपल्या जबाबदारीवर जात असल्याची हमीपत्रं पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिली. शंभराचा स्टॅम्प महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाला आहे, जुन्या याद्यांवर विसंबू नका.

खर्च सगळा मिळून सहा लाखांच्या आसपास आला. ट्रॅव्हलर चालकासह एक लाख नव्वद हजार. दोन एसयूव्हींचं डिझेल एक लाखाच्या वर, कारण सायकलच्या मागे पंचवीसच्या वेगाने गाडी चालवली की ॲव्हरेज कोसळतं. जेवणखाण एक लाख वीस हजार, टोल तिन्ही गाड्यांचा मिळून पस्तीस हजार. बाकी टायर, ट्यूबा, चेन, दिवे, आपण कुठे आहोत याची सतत नोंद करणारा ट्रॅकर, विमा, अर्जाचं शुल्क, साक्षीदारांचं परतीचं भाडं. अर्धे पैसे आम्ही चौघांनी घातले, उरलेले नातेवाईक आणि सायकल मित्रांनी. प्रायोजकासाठी जानेवारीपर्यंत वाट पाहिली. जे देऊ म्हणाले त्यांना जर्सीवर नाव हवं होतं, पण पैसे राईड झाल्यावर. डिझेल आधी भरावं लागतं, त्यामुळे ते सोडून दिलं.

रिलेचं गणित नीट मांडते, कारण सगळा खेळ त्यात आहे. दोन जोड्या करायच्या. एक जोडी सहा तास रस्त्यावर, दुसरी ट्रॅव्हलरमध्ये. रस्त्यावरच्या जोडीत दर चाळीस मिनिटांनी खो. एक चालवतो, तोवर दुसरा गाडीने पुढे जाऊन सायकल काढून तयार. चाळीस मिनिटं जोर लावता येतो आणि पाय गार पडायच्या आत पुन्हा पाळी येते. विश्रांतीच्या सहा तासांत ट्रॅव्हलर दीडशे किलोमीटर पुढे जाऊन थांबतो. त्यात अंघोळ, जेवण आणि झोप बसवायची. झोप साडेतीन तासांची मिळते, ती मिळवणं ही त्या जोडीची ड्युटीच समजायची. माणशी रोजचे एकशेतीस-पस्तीस किलोमीटर होतात. हे ऐकून लोकांना वाटतं, एवढंच? पण ते अकरा दिवस, तुकड्यातुकड्यांत, अपुऱ्या झोपेवर करायचे असतात.

आणि अकरा दिवसांत जवळपास चारशे खो होतात. प्रत्येक खोमध्ये अर्धा मिनिट गेलं तर तीन तासांच्या वर वेळ नुसता बदलीत जातो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी आम्ही वेग वाढवण्याऐवजी खोचा सराव केला. साताऱ्याच्या रस्त्यावर काकू घड्याळ घेऊन उभ्या. काकू म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, एस.टी.त वाहतूक नियंत्रक होत्या. क्रूच्या प्रमुखपदी त्या आल्या तेव्हाच आमचं निम्मं काम झालं. कुठली गाडी कुठे, कोणाची पाळी कधी, कोणी किती पाणी प्यायलं, सगळं त्यांच्या वहीत. "अहो, तुमचा खो बारा सेकंदांचा झाला, पोरांचा सात होतो," असं त्या काकांना सगळ्यांदेखत सांगायच्या, आणि काका पुढच्या वेळी आठवर यायचे.

साक्षीदार तीन होते, आळीपाळीने मागच्या गाडीत. नात्यातले चालत नाहीत. प्रत्येक खोची वेळ, ठिकाण, मीटरचा आकडा आणि सही नोंदवहीत. शिवाय ठरावीक अंतरावर पेट्रोल पंप, धाबा, पोलीस चौकी, जिथे मिळेल तिथे शिक्का आणि त्रयस्थाची सही. शिक्का मागायला गेलं की लोक आधी बिचकतात. नोंदवहीच्या पहिल्या पानावर आमचा फोटो आणि उपक्रमाची माहिती हिंदी, कन्नड, तमिळ, तेलुगू, ओडिया, बंगाली आणि गुजरातीत लिहून घेतली होती. ते पान दाखवलं की काम सोपं व्हायचं, बहुतेक ठिकाणी शिक्क्यासोबत चहाही आला.

१ मार्चला पहाटे पाचला पुण्यात स्वारगेटहून निघालो. पहिला खो कात्रजचा जुना घाट उतरल्यावर, मग खंबाटकी. तेव्हा पुण्याहून जाताना घाट चढावा लागायचा, बोगदा येतानाच्या वाहतुकीला. ओळखीचा रस्ता, भेटायला आलेली माणसं, सगळे नेहमीपेक्षा जोरात. डॉक्टर ताई प्रत्येकाला हृदयाचे ठोके विचारत होत्या आणि दीडशेच्या वर असेल त्याला दम देत होत्या. सातारा ते कागल सहापदरीचं काम चालू असल्याने वळणरस्ते आणि खडी. तवंदी घाटानंतर कर्नाटकात रस्ता मोकळा झाला आणि रात्रभर धारवाड, हावेरी, दावणगिरी असं सलग पळता आलं. या पट्ट्यात आम्ही वेळापत्रकाच्या पुढे होतो.

मग बंगळुरू. आखणीत ते शहर मध्यरात्री पार होतं. पुढे असल्यामुळे आम्ही तिथे दोन मार्चच्या रात्री लवकर पोचलो, आणि रविवारची रात्र असूनही नेलमंगलापासून वाहनांची रांग. सायकल कडेने निघते, गाडी निघत नाही. पुढचा स्वार गाडीत अडकलेला, चालवणारा थकलेला, खो द्यायला कोणी नाही. कमावलेला वेळ तिथे गेला. होसूरनंतर पुन्हा लय सापडली. तीन तारखेला दुपारी चेन्नईच्या टोकाचा शिक्का घेतला आणि उत्तरेला वळलो.

चेन्नई ते कोलकाता हा सर्वांत लांब तुकडा, १,६८४ किलोमीटर. आंध्रातला राष्ट्रीय महामार्ग १६ सुरेख आहे, सपाट, रुंद. त्रास दोनच, दुपार आणि उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली. दुपारी खो चाळीसवरून पंचवीस मिनिटांवर आणला. ओला पंचा मानेवर, बाटलीत मीठ-साखर-लिंबू, पोटात दहीभात. खेळाडूंसाठीची तयार एनर्जी जेल आणि बार दुसऱ्या दिवसानंतर कोणाच्याच घशाखाली उतरेनात. इडली, केळी, मऊ भात आणि शेंगदाण्याचे लाडू यांच्यावर आम्ही बाकीचा रस्ता काढला. राजमहेंद्रीजवळ गोदावरीचा पूल आला तेव्हा पाळी डॉक्टर ताईंची होती. खो देऊन त्या गाडीत बसल्या आणि बराच वेळ काचेला चेहरा लावून मागे वळून बघत राहिल्या. रामकुंडावर लहानपण गेलेल्या बाईला तिथली गोदावरी तेवढी रुंद बघून काय वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

बसण्याच्या जागी जखमा हा विषय लाजून टाळू नये. प्रत्येक पाळीला धुतलेली कोरडी शॉर्ट हवी, म्हणजे माणशी सहा जोड. सायकलवरून उतरलं की दहा मिनिटांच्या आत कपडे बदलायचे, पुसायचं, मलम लावायचं, मग जेवण. चिलिका सरोवराच्या आसपास धाकट्याला दुखायला लागलं होतं आणि तो सांगत नव्हता. ताईंनी त्याच्या बसण्यावरून ओळखलं. पुढच्या दोन पाळ्या त्याचे तुकडे काकांनी आणि मी वाटून घेतले. रिलेचा खरा फायदा हा आहे, पण त्यासाठी सांगितलं पाहिजे. त्यानंतर आम्ही नियम केला. प्रत्येक पाळीनंतर ताई चार प्रश्न विचारणार, उत्तर द्यायचंच.

कोलकात्याच्या बाजूने सहा मार्चच्या संध्याकाळी वळलो. तिथून दिल्लीपर्यंत जुना ग्रँड ट्रंक रोड. सात तारखेला सकाळी झारखंडच्या चौपारणनंतर दनुआचा घाट उतरून बिहारमध्ये शिरायचं होतं. वळणं, ट्रक आणि कामं चालू असलेला रस्ता. तो उतार माझ्या पाळीत आला आणि त्या वीस मिनिटांत माझं सगळं लक्ष ब्रेकवर होतं. त्याच पट्ट्यात ट्रॅकरचा सिग्नल गेला. पुढे हद्दीवर तपासणी. बिहारमध्ये दारूबंदी असल्याने गाड्या उघडून बघतात, आणि आमच्या गाड्यांमध्ये तर खोकीच खोकी. सायकल पुढे गेली, गाड्या मागे. माझ्यानंतर धाकट्याने दीड तासाचा तुकडा एकट्याने काढला. तेव्हापासून प्रत्येक राज्याच्या हद्दीआधी पुढचा स्वार आणि एक साक्षीदार हलक्या गाडीतून अर्धा तास पुढे पाठवायला लागलो. हे पहिल्या दिवसापासून करण्यासारखं आहे.

रमजान सुरू होता. ससारामच्या पुढे इफ्तारीची वेळ झाली. रस्त्याकडेच्या दुकानातल्या लोकांनी शिक्का तर दिलाच, शिवाय आम्हा सगळ्यांच्या हातात खजूर आणि फळं ठेवली. सेहरीमुळे पहाटे तीनलाही काही दुकानं उघडी असायची, त्या वेळेला मिळणारा गरम चहा आमच्या फार उपयोगी पडला. प्रयागराजचा वळणरस्ता आठ तारखेच्या पहाटे पार झाला. महिनाभरापूर्वी जिथे गाड्या तासन् तास उभ्या होत्या, तिथे आता दुभाजकाजवळ पडलेल्या चपला, पाण्याच्या बाटल्या आणि मोकळा रस्ता. तारखेवर घालवलेले ते दोन महिने त्या रात्री वसूल झाले.

दिल्ली नऊ तारखेला. दुपारपर्यंत गुरुग्राम ओलांडलं. त्या रात्री चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना होता. भारत जिंकला तेव्हा आम्ही जयपूरच्या अलीकडे होतो. धाब्यांवरचे लोक रस्त्यावर आले, फटाके, ट्रॅक्टरवर पोरं. आम्ही सायकल बाजूला न घेता काकांना गाडीच्या आडोशाने पुढे काढलं. त्यांना निकाल खो दिल्यावर कळला आणि साठीला आलेला हा माणूस अंधारात टाळ्या वाजवत उभा राहिला.

राजस्थानात किशनगड, भीलवाडा, चित्तोडगड, उदयपूर. उदयपूरनंतरच्या चढ-उतारांनी पाय संपवले. इथपर्यंत वेळापत्रकापेक्षा आम्ही चार तास मागे होतो, आणि काकूंच्या वहीप्रमाणे तेवढं भरून काढणं शक्य होतं. मग भडोचजवळ नर्मदेच्या आधी कोंडी, दुपारचा उकाडा, सुरतच्या बाहेर दोन पंक्चर लागोपाठ. ठाण्याजवळचा घोडबंदर रस्ता आम्ही अकरा तारखेच्या रात्री अकराला पार करायचा होता. बारा तारखेच्या पहाटे पाचला, म्हणजे मुदत संपली त्या क्षणी, आम्ही मनोरच्या आसपास होतो.

त्या वेळी मी गाडीत होते. सगळ्यांना वेळ माहीत होती, कोणी बोललं नाही. काकूंनी वहीत रेघ ओढली आणि म्हणाल्या, "पुढचा खो पुलाच्या पलीकडे. डॉक्टर, तयार राहा." ताई हेल्मेट घालून उतरल्या. मला रडू आलं, मी थांबवलं नाही. थांबायचं का, असा विषयही निघाला नाही. साक्षीदारांनी सांगितलं की पूर्ण फेरीची नोंद मिळेल, आणि तसं नसतं तरी आम्ही घराच्या इतक्या जवळ येऊन थांबणार नव्हतो. घोडबंदरला ऐन सकाळच्या गर्दीत सापडलो. सायकल दुभाजक आणि टेम्पो यांच्यामधून, गाडी कुठेतरी मागे. तेवढ्या रस्त्याला अडीच तास लागले. शिंग्रोबापाशी धाकट्याने नारळ ठेवला. दुपारी दोनच्या सुमाराला स्वारगेटला पोचलो. धाकट्याची आई आणि काकांचे जुने विद्यार्थी आले होते. मी घरी जाऊन चौदा तास झोपले.

त्यानंतरचा भाग कोणी सांगत नाही. पुरावे तीस दिवसांत द्यायचे होते. नोंदवहीच्या प्रत्येक पानाची स्कॅन प्रत, चौघांच्या सायकल संगणकातल्या फाइल, ट्रॅकरची नोंद, प्रत्येक खोचा व्हिडिओ, साक्षीदारांची नोटरी केलेली निवेदनं. धाकट्याची परीक्षा आणि माझी नोकरी सांभाळून ते लावायला पूर्ण मुदत लागली. रोज रात्री, राईड चालू असतानाच, व्हिडिओ दोन डिस्कवर उतरवून तारीखवार नावं दिली होती म्हणून जमलं. जूनमध्ये एक शंका आली, दनुआ घाटातल्या ट्रॅकरच्या खंडाबद्दल. सायकल संगणकाची फाइल आणि फास्टॅगचे टोल कापल्याचे मेसेज जोडून पाठवले, ते मान्य झालं. टोलचे मेसेज पुसू नका, वेळेचा तो त्रयस्थ पुरावा असतो. ऑगस्टमध्ये पत्र आलं. अंतर, मार्ग आणि पुरावे मान्य, वेळ मर्यादेबाहेर.

काकूंनी त्यांच्या वहीवरून सगळ्या तासांचा हिशेब काढला. सायकल चालवण्याचा आमचा वेग आखणीपेक्षा कमी नव्हता. गेलेला वेळ जवळपास सगळा मोठ्या शहरांच्या तोंडाशी गेला होता, आणि जसजसे दिवस सरले तसतसं शहरात शिरण्याची वेळ हातातून निसटत गेली. पहिल्या दिवशी आपण कुठे किती वाजता असू हे अर्ध्या तासाच्या फरकाने सांगता येतं, दहाव्या दिवशी आठ तासांच्या फरकानेही नाही. हा मार्ग गोल आहे, सुरुवात कुठूनही करता येते. मग जिथे गर्दीची वेळ चुकवणं सर्वांत गरजेचं आहे ते ठिकाण पहिल्या काही तासांत यायला हवं.

नवा अर्ज सप्टेंबरात गेला आहे. सुरुवात पनवेलहून रात्री अकराला, उलट्या दिशेने, म्हणजे ठाणे आणि घोडबंदर पहिल्याच रात्री गाड्या कमी असताना. शेवट कोल्हापूर, सातारा, पुणे करत खंडाळ्याचा उतार. तारीख फेब्रुवारीच्या मध्याची मागितली आहे. २०२६ ची होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते, त्याआधी फेरी संपली पाहिजे. उत्तर अजून यायचं आहे, पण ट्रॅव्हलर सांगून ठेवला आहे आणि खोचा सराव दर रविवारी परत सुरू झाला आहे.